सुरू उसाचे फुटवे कमी: जिबरेलिक आम्ल फवारावे की आधी स्फुरद द्यावे?

प्रश्न (निफाड)
नमस्कार. द्राक्षबागेला लागून असलेल्या दीड एकरात १० जानेवारीला सुरू हंगामातल्या उसाची, को ८६०३२ या वाणाची, दोन डोळ्यांच्या टिपरीने (बेण्याच्या तुकड्याने) लागण केली. जमीन काळी, चुनखडीची असून सामू (पीएच) ८.३ आहे. आमच्याकडच्या थंडीमुळे उगवण लांबली, आणि पन्नास दिवस होऊनही जेठा (पहिल्या, मुख्य) कोंबाभोवती फुटवे जेमतेम दिसतात. पाने अरुंद व निळसर हिरवी आहेत. लागणीला शेणखत आणि युरिया दिला, परंतु स्फुरद (फॉस्फरस) बांधणीच्या (सरीला माती लावण्याच्या) वेळी देऊ या विचाराने राहून गेले. बागेसाठी आणलेले जिबरेलिक आम्ल हे वाढीचे संप्रेरक शिल्लक आहे. ते आता फवारल्यास लाभ होईल का?

उत्तर १ (दिंडोरी)
कृपया आता फवारू नका. जिबरेलिक आम्ल पेशी लांबवते. द्राक्षघडाची पाकळी (घडातील उपशाखा) त्यानेच मोकळी होते, पण तुमच्या उसाला आज उंची नव्हे, फुटवे हवे आहेत. लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेच्या पद्धतीत ३५ पीपीएमची (दशलक्ष भागांत ३५ भाग) फवारणी लागणीनंतर ९०, १२० आणि १५० दिवसांनी, म्हणजे फुटवे स्थिरावल्यावर, कांड्यांची लांबी वाढवण्यासाठी केली जाते.

फुटव्यांचे नियंत्रण बरेचसे मुळांकडे असते. मुळांच्या टोकांत तयार होणारे सायटोकायनिन हे संप्रेरक बुंध्यातील डोळे जागे करते, तर शेंड्याकडून येणारे ऑक्झिन त्यांना दाबून ठेवते. स्फुरद कमी पडले की मुळांत स्ट्रिगोलॅक्टोन हे संप्रेरक वाढते आणि फुटवे रोखले जातात, हे भातात सिद्ध झाले आहे; ऊसही त्याच तृणकुळातला आहे. त्यामुळे तुमच्या पिकातील संप्रेरकांचा तोल सुधारण्याचा मार्ग, माझ्या मते, स्फुरदातूनच जातो.

उत्तर २ (कळवण)
वरील मताशी मी सहमत आहे. स्फुरद जमिनीत फारसे सरकत नाही आणि चुनखडीत कॅल्शियमशी बांधले जाते, म्हणून ते वरून फेकल्यास मुळांपर्यंत पोहोचणार नाही. सुरू उसाला एकरी ४६ किलो स्फुरदाची शिफारस असून त्यातील निम्मे लागणीलाच सरीत द्यायचे असते. तुमचा हा राहिलेला हप्ता म्हणजे एकरी एक गोणी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) किंवा सुमारे तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेट. मी सुपर फॉस्फेट निवडेन, कारण त्यातून गंधकही मिळते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ते ओळीच्या बाजूला चर काढून द्यावे, मातीने झाकावे आणि हलके पाणी द्यावे. स्फुरद विरघळवणारे जिवाणू द्यायचे असल्यास ते रासायनिक खतात मिसळू नयेत.

मात्र माती परीक्षणात उपलब्ध स्फुरद किती आले, हे अवश्य कळवा. नुसत्या पानांच्या रंगावरून निदान पक्के होत नाही. थंडीतही मुळांची वाढ मंदावून तशीच लक्षणे दिसू शकतात.

उत्तर ३ (नाशिक)
पुढील लागणीसाठी एक सुचवतो. टिपऱ्या १०० पीपीएम इथेफॉन या वाढनियंत्रकाच्या द्रावणात रात्रभर भिजवल्यास उगवण लवकर व एकसारखी होते. ३९ टक्के तीव्रतेचे औषध असल्यास १०० लिटर पाण्यात सुमारे २५ मिली पुरते. जिवाणूंची बेणेप्रक्रिया त्यानंतर स्वतंत्रपणे करावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनापासून आभार. उद्याच मातीचा नमुना देतो. चर काढून सुपर फॉस्फेट देताना पाच सऱ्या तशाच ठेवीन आणि तीन आठवड्यांनी दोन्हीकडचे फुटवे मोजून येथे कळवीन.