मदत हवी आहे: ११.५ इंची पोलीस रायफलींसाठी सप्रेसर निवडायचाय

वैदेही_मिडवेस्ट

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवळणाचा आहे. पण इथे लष्करातून निवृत्त झालेले, नेमबाजी करणारे आणि अमेरिकेत सरकारी नोकरीत असलेले बरेच जण आहेत, म्हणून धागा काढतेय.

मी अमेरिकेतल्या एका लहान शहराच्या खरेदी खात्यात आहे. आमच्या पोलिसांकडे ११.५ इंच नळीच्या, ५.५६ कॅलिबरच्या एआर जातीच्या रायफली आहेत. त्यांना सप्रेसर (बोलीभाषेत सायलेन्सर) घ्यायचेत आणि निविदेचा तांत्रिक मजकूर माझ्या टेबलावर येऊन पडलाय. मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही. आर्मरर (खात्याच्या शस्त्रांची देखभाल करणारा) हुशार माणूस आहे, पण त्याचं एका विशिष्ट ब्रँडवर प्रेम आहे आणि मला "अमुकच द्या" असं लिहिता येत नाही.

तीन दरपत्रकं आली आहेत, दर साधारण ८०० ते १४०० डॉलर नग. एकाने "१३२ डेसिबल" ठळक अक्षरात छापलंय, दुसऱ्याने "गॅस तोंडावर येत नाही" म्हटलंय, तिसरा टायटॅनियमचा आणि सगळ्यात हलका आहे. माझे प्रश्न:

१. डेसिबलच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?
२. आखूड नळीसाठी काही वेगळं बघावं लागतं का?
३. टायटॅनियम की पोलाद?
४. एका नगरसेवकाने विचारलंय, "पोलिसांना गुपचूप गोळ्या कशाला झाडायच्यात?" त्यांना काय सांगू?

कागदपत्रांचं मला माहीत आहे. १९३४ च्या कायद्याने सप्रेसर आणि १६ इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफली दोन्हींची नोंद लागते. पोलीस खात्याला कर नाही, फॉर्म ५ वर हस्तांतर होतं. म्हणून २०० डॉलरचा कर जानेवारी २०२६ पासून शून्य झाला त्याचा आम्हाला फरक पडत नाही.

मीठभाकर

शीर्षकात सायलेन्सर वाचून बुलेटचा असेल म्हणून आत आलो. आमच्याकडे पोलीस ते काढून घेतात आणि रोलरखाली घालतात. तुमच्याकडे पोलीसच विकत घेताहेत! असो, वाचतोय.

निवृत्त_आर्मरर

ताई, आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

५.५६ ची मूळ रायफल एम-१६, तिची नळी २० इंचांची. ११.५ इंचांत गोळी बाहेर पडते तेव्हा मागच्या गॅसचा दाब लांब नळीपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि जळती दारूही शिल्लक असते. म्हणून आखूड रायफलचा आवाज जास्त, जाळ जास्त, आणि सप्रेसरच्या पहिल्या पडद्यावर (गॅस अडवणाऱ्या आतल्या भोकाच्या चकतीवर) होणारा मारही जास्त. प्रत्येक कंपनी आपल्या मॉडेलला किमान किती इंच नळी चालेल ते छापते. तिथे ११.५ किंवा त्याहून कमी आकडा नसेल तर ते दरपत्रक बाजूला ठेवा, किंमत काहीही असो.

दुसरी गोष्ट गॅसची. एआर रायफल नळीतलाच थोडा गॅस मागे घेऊन बोल्ट (रिकामं काडतूस काढून नवं भरणारा, पुढेमागे सरकणारा भाग) चालवते. पुढे सप्रेसर लावला की दाब नळीत जास्त वेळ टिकतो, जास्त गॅस मागे येतो आणि बोल्ट वेगाने मागे जातो. मग रिकामं काडतूस नीट निघत नाही, बोल्टचे दात लवकर झिजतात आणि शिपायाच्या डोळ्यांत धूर जातो. रायफल उजवीकडे काडतूस टाकते. त्यामुळे डावखुऱ्या माणसाच्या थेट चेहऱ्यासमोर ते काडतूस बाहेर पडायचं भोक येतं. तुमच्या खात्यात डावखुरे किती, हे आधी विचारा. खरेदी झाल्यावर सगळ्यात आधी तक्रार घेऊन तेच येतील.

जड बफर (बोल्टची मागची धाव मंदावणारं वजन) किंवा कमीजास्त करता येणारा गॅस ब्लॉक (नळीतून गॅस घेणारा तुकडा) हे उपाय आहेत. पण पोलिसांच्या रायफलवर फिरवायचा स्क्रू जितका कमी तितकं बरं, कुणीतरी कधीतरी फिरवतोच. म्हणून गॅस पुढच्या बाजूने वाट काढून देणारी रचना तुमच्या कामाला जास्त बरी असं माझं मत. हक्सवर्क्सचे फ्लो मालिकेतले त्याच विचाराचे आहेत, शुअरफायरचा आरसी-३ सुद्धा आधीच्या आरसी-२ पेक्षा कमी दाब मागे ढकलतो. ब्रँडची जाहिरात करत नाही, तुमच्या आर्मररला संदर्भ कळावा म्हणून नावं घेतली.

टायटॅनियमबद्दल: हलकं आहे, पण फार तापलं की त्याची ताकद उतरते, आणि आखूड नळीपुढे ठिणग्या उडतात. रात्री अंधाऱ्या घरात शिरणाऱ्या माणसाच्या बंदुकीतून ठिणग्या नकोत. लांब पल्ल्याच्या, सावकाश झाडायच्या रायफलला टायटॅनियम छान. इथे इन्कोनेल किंवा स्टेलाइटसारखा मिश्रधातू निदान पहिल्या पडद्याला हवा. वजन अर्ध्या किलोच्या आसपास जाईल आणि तेही नळीच्या टोकाला, तेव्हा कुरकुर होणारच.

कानसेन

मी श्रवणतज्ज्ञ आहे, बंदुकीतलं कळत नाही, पण पोलीस आणि शिकारी पेशंट रोज बघतो. प्रश्न १ आणि ४ माझे.

विनासप्रेसर अशा रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या वर असतो. क्षणिक स्फोटक आवाजासाठी ओशाची (कामाच्या जागच्या सुरक्षेचे नियम करणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मर्यादा १४० आहे. (शहराच्या नोकरांना केंद्रीय ओशा थेट लागू नसते, राज्यागणिक बदलतं, पण कान सगळीकडे सारखेच.) डेसिबलची मोजपट्टी सरळ नाही. ६ डेसिबल वाढले की दाब दुप्पट होतो. चांगला सप्रेसर २५-३० डेसिबल उतरवतो, म्हणजे फरक प्रचंड. पण उतरून येतो कुठे, तर १३५ ते १४५ च्या आसपास. म्हणजे ऐन मर्यादेवर.

आता तो "१३२". तो कुठे मोजला ते विचारा. रूढ पद्धतीत माइक नळीच्या टोकापासून एक मीटर डावीकडे आणि जमिनीपासून १.६ मीटर उंच ठेवतात. तिथे शिपायाचा कान नसतो! वर आर्मरर साहेबांनी सांगितलेला मागे येणारा गॅस कानाजवळच्या भोकातून बाहेर पडतो. त्यामुळे टोकाशी भारी आकडा दाखवणारा सप्रेसर कानाशी सुमार निघू शकतो. शिवाय नळी किती इंचांची होती? १६ इंची नळीवर घेतलेला आकडा तुमच्या उपयोगाचा नाही. पहिली गोळी बहुधा पुढच्यांपेक्षा मोठ्याने वाजते, कारण आत प्राणवायू असतो. ती सरासरीत धरली की गाळली, तेही विचारा. मोबाइलवरच्या ॲपने कुणी मोजून दाखवलं तर हसून सोडून द्या. हा आवाज इतका झटपट चढतो की त्याला सेकंदाला लाखाच्या वर नमुने घेणारं यंत्र लागतं.

नगरसेवकांना सांगा की "गुपचूप" असं काही होत नाही. गोळी ध्वनीच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते, तिचा हवेतला कडाका सप्रेसरला थांबवता येत नाही. शेजारपाजाऱ्यांना ऐकू येणारच. मैदानावर सराव करताना सगळे कानात बोळे घालतात. पण रात्री दोन वाजता कुणाच्या तरी घराच्या बोळातून जाताना शिपायाने कान झाकलेले नसतात, त्याला सहकाऱ्याची हाक ऐकू यायला हवी असते. तिथे चार भिंतींच्या आत एक गोळी सुटली तरी तो, त्याचा सहकारी, घरातली माणसं, पोलीस कुत्रा असेल तर तोही, सगळ्यांच्या कानावर आघात होतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. उरतो तो कानातला कायमचा घूं आवाज आणि शहराच्या तिजोरीवर नुकसानभरपाईचे दावे. नगरसेवकांना हा शेवटचा मुद्दा लवकर पटतो असा अनुभव.

आणि कृपा करून "सप्रेसर घेतला, आता सरावात कान झाकायला नको" असं कुणाला म्हणू देऊ नका. बोळे हवेतच.

शिकागोकर

मुळात शहरातल्या गस्तीच्या गाडीत रायफल हवीच कशाला, हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

निवृत्त_आर्मरर

@शिकागोकर, २८ फेब्रुवारी १९९७, नॉर्थ हॉलिवुड. चिलखत घातलेले दोन बँक दरोडेखोर स्वयंचलित रायफली घेऊन रस्त्यावर आले आणि पोलिसांकडे पिस्तुलं आणि शॉटगन. गस्तीच्या गाड्यांत रायफली येण्याला त्या दिवसाने मोठा जोर दिला. हवी की नको यावर वेगळा धागा काढा, मी येतो भांडायला. ताईंची निविदा इथे अडकवू नका.

आखूड नळीचं गणितही तिथेच आहे. १६ इंची नळीपुढे सप्रेसर लावला तर ती गाडीतून बाहेर काढताना दाराला अडते. ११.५ अधिक साडेपाच-सहा इंच म्हणजे जवळपास जुन्या १६ इंची रायफलइतकीच लांबी.

वैदेही_मिडवेस्ट

बापरे, दोघांचेही मनापासून आभार. कानाशी मोजलेला आकडा वेगळा मागायचा हे डोक्यातच आलं नव्हतं. तिन्ही कंपन्यांना तेवढंच विचारणारं पत्र पाठवलं. एकाचं उत्तर आलं: "१३२" टोकाशी मोजलेला, आणि १४.५ इंच नळीवर! दुसऱ्याने दोन्ही आकडे दिले. तिसरा गप्प आहे.

आता जोडणीबद्दल. आटे सगळ्यांचे सारखेच असतात का? आणि चाचणी कशी घेऊ?

निवृत्त_आर्मरर

अमेरिकी ५.५६ रायफलच्या नळीला बहुतेक अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ आटे असतात. पण तुमच्या प्रत्येक रायफलचे आटे नळीच्या मध्याशी सरळ आहेत का, हे सरळ दांडीच्या गेजने तपासून घ्या. वाकडा बसला तर गोळी आतल्या पडद्याला घासते आणि सप्रेसर जातो, कधी रायफलही. पटकन काढता-घालता येणारी जोडणी दिसायला छान, पण काजळी धरून जाम होते. पोलिसांनी तो लावूनच ठेवावा आणि निशाणही सप्रेसरसकट जुळवावं. काढून परत लावल्यावर गोळी त्याच जागी पडते का, ते मात्र बघा.

चाचणी तुमच्याच रायफली, तुमचीच ड्युटीची काडतुसं, तुमचीच माणसं घेऊन करा. कंपन्या नमुना देतात. एक डावखुरा घ्या. एक फेरी अंधारात. मॅगझिन रिकामी झाल्यावर बोल्ट मागे अडकतो का ते बघा, रिकामी काडतुसं कुठल्या दिशेला उडतात ते बघा. खूप पुढच्या बाजूला फेकली जात असतील तर बोल्ट अजून जोरात चाललाय.

कानसेन

एक राहिलं. तुमचं सरावाचं मैदान बंदिस्त आहे का? मागे येणाऱ्या गॅसबरोबर कॅप्सूलमधलं (काडतुसाच्या बुडाशी दारू पेटवणाऱ्या टोपीतलं) शिसंही नाकाशी येतं. बंदिस्त जागेत वायुवीजन कमी असेल तर कान वाचवता वाचवता रक्तातलं शिसं वाढायचं. सरावाला बिनशिशाच्या कॅप्सूलची काडतुसं आणि प्रशिक्षकांची वर्षातून एकदा रक्ततपासणी, हे त्याच प्रस्तावात घाला. पुन्हा वेगळे पैसे मागायला गेलात तर मिळणार नाहीत.

वैदेही_मिडवेस्ट

बंदिस्तच आहे, आणि पंखे जुने आहेत. हे घालतेच.

मसुदा असा केलाय: ११.५ इंच नळीसाठी कंपनीची लेखी मान्यता. आवाज टोकाशी आणि कानाशी दोन्हीकडे, त्याच लांबीच्या नळीवर, पहिल्या गोळीसकट. पहिला पडदा उष्णता सोसणाऱ्या मिश्रधातूचा. आमच्या रायफलींवर चाचणी, त्यात डावखुरा नेमबाज. बिघडल्यास दुरुस्ती आणि नोंदणीचे कागद विक्रेत्याकडे. ब्रँड एकाचाही नाही. आर्मररने नाक मुरडलं, मग वाचून म्हणाला की त्याचा लाडका यात बसतो बहुतेक.

तो माइक भाड्याने कुठे मिळतो का, कानसेन?

कानसेन

जवळच्या विद्यापीठात श्रवणशास्त्राचा किंवा ध्वनिकीचा विभाग असेल तर विचारा, एखादा संशोधक विद्यार्थी हौसेने येईल. नाहीच मिळालं तर आकड्यांचा नाद सोडा, चाचणीला आलेल्या शिपायांची आधी आणि नंतर श्रवणचाचणी करून ठेवा. ती तशीही तुमच्याकडे नोंदीला असायला हवी.

मीठभाकर

ताई, चाचणीनंतर इथे लिहा. त्या डावखुऱ्याचं काय झालं ते कळू द्या.