न्यूमन मॉडेलमधल्या त्या दोन रेषा कुणी समजावेल का?

सोलापुरात नर्सिंग करतेय. बेटी न्यूमनचं सिस्टिम्स मॉडेल (१९७२, माणूस ताणाला कसा तोंड देतो ते सांगणारी नर्सिंगची थिअरी) पाठ झालंय पण ताण अडवणाऱ्या फ्लेक्झिबल आणि नॉर्मल लाईनमधे दरवेळी गोंधळ, परवा व्हायवा आहे 😭

> अगं यंत्रमाग कामगार घे. त्याची नेहमीची तब्येत म्हणजे नॉर्मल लाईन, तिच्या बाहेर फ्लेक्झिबल, ती उशीसारखी, झोप जेवण नीट असलं की फुगते आणि रातपाळी, मे मधलं आपलं ऊन झालं की चपटी. ताण दोन्ही फोडून आत घुसला की लक्षणं दिसतात, मग सगळ्यात आतल्या रेझिस्टन्सच्या रेषा गाभा, म्हणजे जगायला लागणारं मूळ, सांभाळतात

> पाच व्हेरिएबल्समधलं (मॉडेल माणसाच्या ज्या पाच बाजू बघतं त्या) अध्यात्मिक विसरू नको, आमच्या बाई हमखास तेच विचारायच्या

मग त्या कामगाराला खोकला व्हायच्या आधीच मास्क दिला तर ते प्रायमरी प्रिव्हेन्शन (पहिल्या पायरीचा बचाव) ना?

> हो. खोकल्यावर औषध सेकंडरी, बरं झाल्यावर परत पडू नये म्हणून जे करतो ते टर्शरी