मदत हवी आहे: जावा १७ दिसतंय, तरी मेव्हन ११वरच अडून बसलाय

बिल्डबिघाड

विंडोज ११. मशीनवर दोन प्रोजेक्ट आहेत, दोन्ही मेव्हनवर (कोड कंपाइल करून पॅकेज बनवणारं टूल, कमांड 'एमव्हीएन'). जुना स्प्रिंग बूट (जावाचं फ्रेमवर्क) २.७ वर, जावा ११. नवा स्प्रिंग बूट ३.२ वर, त्याला किमान जावा १७ लागतं. म्हणून ११ तसंच ठेवून ओरॅकलच्या इन्स्टॉलरने जेडीके (कंपायलरसकट जावाचा पूर्ण संच) १७ टाकलं.

'जावा -व्हर्जन' दिलं की १७ येतं. इंटेलिजेमधून (कोड लिहायचं आयडीई) नवा प्रोजेक्ट नीट चालतो. टर्मिनलमध्ये 'एमव्हीएन क्लीन पॅकेज' दिलं की मात्र हे:

फेटल एरर कंपायलिंग: एरर: रिलीज व्हर्जन १७ नॉट सपोर्टेड

सिस्टिम व्हेरिएबल्समध्ये जावा_होम (जावा कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारं व्हेरिएबल) १७च्या फोल्डरवर लावलंय, टर्मिनल बंद करून परत उघडलंय, पॉममध्ये (मेव्हनची प्रोजेक्ट फाइल) जावा.व्हर्जन १७ आहे. जावा ११ काढून टाकता येणार नाही. नेमकं कुठे अडतंय? आणि दोन्ही प्रोजेक्ट एकाच मशीनवर सुखाने नांदायचे तर मांडणी कशी करावी?

पॉमपंडित

'जावा -व्हर्जन'वर विसंबू नका. ती कमांड पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) पहिलं सापडेल ते जावा उचलते. मेव्हन आधी जावा_होम बघतो, ते नसेल तरच पाथकडे वळतो. त्यामुळे विचारायचं ते मेव्हनलाच: 'एमव्हीएन -व्ही'. त्यात 'जावा व्हर्जन' आणि त्याच ओळीत 'रनटाइम' म्हणून फोल्डर येतो. तो ११चा निघेल. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करा.)

लक्षणांवरून वाटतं की यूझर व्हेरिएबल्समध्ये अजून एक जावा_होम बसलेलं आहे, ११चं. विंडोजमध्ये एकच नाव सिस्टिम आणि यूझर दोन्हीकडे असलं की यूझरचं चालतं. पाथचं गणित वेगळं: आधी सिस्टिमचा पाथ, त्याच्या मागे यूझरचा. शिवाय ओरॅकलचा इन्स्टॉलर 'सी:\प्रोग्राम फाइल्स\कॉमन फाइल्स\ओरॅकल\जावा\जावापाथ' हा फोल्डर सिस्टिम पाथमध्ये सुरुवातीलाच घुसवतो. म्हणून टर्मिनलला १७ दिसतं आणि मेव्हनला ११.

नव्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एको %जावा_होम%' आणि 'व्हेअर जावा' द्या. दुसरी कमांड पाथमधली सगळी जावा क्रमाने दाखवते. मग:

१. यूझर व्हेरिएबल्समधलं जावा_होम काढा. एकाच ठिकाणी ठेवा.
२. जावा_होममध्ये जेडीकेचा मूळ फोल्डर हवा. शेवटी '\बिन' लावलं तर मेव्हन 'जावा_होम नीट लावलेलं नाही' म्हणून तिथेच थांबतो.
३. सिस्टिम पाथमध्ये '%जावा_होम%\बिन' ही नोंद जावापाथच्या वर सरकवा. यापुढे टर्मिनल आणि मेव्हन दोन्हींचं जावा एकाच जागेवरून येईल.
४. इंटेलिजे पूर्ण बंद करून उघडा. त्यातलं टर्मिनल आयडीई सुरू होतानाचीच व्हेरिएबल्स धरून बसतं.

हे सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सच्या खिडकीतूनच करा. 'सेटएक्स पाथ' वापरून पाथ बदलायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो मानू नका. ती कमांड १०२४ अक्षरांनंतर पाथ कापून टाकते, आणि सिस्टिमचा पाथ यूझरच्या पाथमध्ये ओतून ठेवते ते वेगळंच.

ग्रेडलगडी

इंटेलिजेत का चालतं तेही सांगतो, नाहीतर उद्या उलटा प्रकार होईल. आयडीई जावा_होमला विचारत नाही. 'प्रोजेक्ट स्ट्रक्चर'मधला एसडीके वेगळा, 'मेव्हन'खालच्या 'रनर'मधला जेआरई (फक्त जावा चालवणारा भाग) वेगळा, आणि 'जावा कंपायलर'मध्ये प्रत्येक मॉड्यूलचं टार्गेट बाइटकोड (कंपाइल होऊन निघणारा कोड) वेगळं. तिन्ही एकमेकांशी जुळली पाहिजेत. पॉम बदलल्यावर मेव्हन रीलोड केलं नाही तर टार्गेट जुनंच राहतं.

ग्रेडल (मेव्हनसारखंच दुसरं बिल्ड टूल) असेल तर आणखी एक थर वाढतो. ग्रेडल स्वतः कोणत्या जावावर चालतो, हा प्रश्न आधी सोडवायचा. जावा १७वर चालायला ग्रेडल ७.३ लागतो, जावा २१वर चालायला ८.५. त्याहून जुना असेल तर 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५' असा एरर येतो. तिथे तुमच्या कोडचा काही दोष नसतो, रॅपरच्या (प्रोजेक्टसोबतची ग्रेडल आणून चालवणारी स्क्रिप्ट) प्रॉपर्टीज फाइलमधली ग्रेडलची आवृत्ती वाढवायची. जावा_होम बदलूनही फरक पडत नसेल तर 'ओआरजी.ग्रेडल.जावा.होम' ही ओळ शोधा: प्रोजेक्टमधल्या ग्रेडल.प्रॉपर्टीजमध्ये, आणि होम फोल्डरमधल्या '.ग्रेडल'खालच्या त्याच नावाच्या फाइलमध्ये. ती जावा_होमला जुमानत नाही.

बिल्डबिघाड

@पॉमपंडित, तंतोतंत. यूझरमध्ये जावा_होम ११ होतं. काढलं, नवा प्रोजेक्ट टर्मिनलवरून बिल्ड झाला.

आता जुन्याचं. टर्मिनलमध्ये 'सेट जावा_होम' करून ११ दिलं, 'एमव्हीएन -व्ही'ही ११ दाखवतो. बिल्ड मात्र शेवटच्या टप्प्यावर पडतो:

ओआरजी/स्प्रिंगफ्रेमवर्क/बूट/मेव्हन/रीपॅकेजमोजो हॅज बीन कंपाइल्ड बाय अ मोअर रीसेंट व्हर्जन ऑफ द जावा रनटाइम (क्लास फाइल व्हर्जन ६१.०), धिस व्हर्जन ओन्ली रेकग्नाइझेस अप टू ५५.०

प्रोजेक्ट २.७चा आहे, मग ६१ आलं कुठून?

पॉमपंडित

आधी आकडे. क्लास फाइलच्या (कंपाइल होऊन निघालेली फाइल) मेजर व्हर्जनमधून ४४ वजा करा, जावाची आवृत्ती मिळते. ५२ म्हणजे ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. एररमधला पहिला आकडा क्लास कशासाठी बनवला ते सांगतो, दुसरा चालवणारं जावा कुठवर झेपावतं ते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे क्लासचं नाव, आणि लोक नेमकं तेच न वाचता जावा पुन्हा इन्स्टॉल करत बसतात. इथे नाव स्प्रिंग बूटच्या मेव्हन प्लगइनचं आहे. तुमचा कोड ११चाच आहे, प्लगइन ३.x आलंय.

जुन्या पॉममध्ये पेरेंट (ज्याच्याकडून सेटिंग वारशाने येतात ते पॉम) कंपनीचा स्वतःचा असेल आणि स्प्रिंग बूट फक्त बॉम (आवृत्त्यांची यादी) म्हणून इम्पोर्ट केलेलं असेल, असा अंदाज. बॉम डिपेंडन्सींच्या (प्रोजेक्ट वापरतो त्या बाहेरच्या लायब्ररी) आवृत्त्या देतो, प्लगइनच्या देत नाही. प्लगइनला व्हर्जन लिहिलेलं नसलं की मेव्हन रिपॉझिटरीतलं सगळ्यात नवं उचलतो. त्यामुळे लोकल कॅश रिकामी झाली किंवा नवं मशीन आलं की काल चालणारा बिल्ड आज पडतो. स्प्रिंग-बूट-मेव्हन-प्लगइनखाली २.७.१८ असं व्हर्जन स्पष्ट लिहा. 'एमव्हीएन हेल्प:इफेक्टिव्ह-पॉम' चालवलं तर पेरेंटकडून नक्की काय येतंय ते दिसेल.

हाच एरर डिपेंडन्सीच्या क्लासचं नाव घेऊन आला तर डिपेंडन्सी तुमच्या जावापेक्षा नवी आहे. लॉगबॅक १.४ आणि मॉकिटो ५ यांना किमान ११ लागतं, स्प्रिंग ६ला १७. कंपाइल करतानाच खटकलं तर शब्द बदलतात: 'बॅड क्लास फाइल... हॅज राँग व्हर्जन ६१.०, शुड बी ५५.०'. अर्थ तोच. 'एमव्हीएन डिपेंडन्सी:ट्री'मध्ये ती कोणामार्फत आत आली ते बघा. संशयित क्लासचा आकडा थेट पाहायचा तर 'जावापी -व्हर्बोज' द्या, वरच्या ओळींतच 'मेजर व्हर्जन' येतं.

आता मांडणी. रोज जावा_होम फिरवत बसण्यापेक्षा दोन्ही प्रोजेक्ट जेडीके १७नेच बिल्ड करा. जुन्याच्या पॉममध्ये 'मेव्हन.कंपायलर.रिलीज' ११ ठेवा, क्लास फाइल ५५चीच निघेल. फक्त 'सोर्स' आणि 'टार्गेट' ११ ठेवून भागवू नका. त्याने बाइटकोड जुना बनतो, पण कंपायलर समोर १७ची लायब्ररी ठेवतो. म्हणजे १७मध्येच असलेली मेथड बिनबोभाट कंपाइल होते आणि सर्व्हरवर ११ला 'नोसचमेथडएरर' येतो. याचं जुनं, गाजलेलं उदाहरण बाइटबफरचं 'फ्लिप' आहे: जावा ९पासून ते बाइटबफर परत करतं, आधी बफर करायचं. नव्या जेडीकेवर टार्गेट ८ देऊन बनवलेला जार (जावाचं पॅकेज) जावा ८वर तिथे आपटतो. 'रिलीज' हा पर्याय जावा ९मध्ये आला तो हे टाळायलाच.

लॉम्बॉक (कंपाइल होताना ठरावीक कोड आपोआप भरणारी लायब्ररी) असेल तर जावा १७साठी १.१८.२२ किंवा पुढचं ठेवा. जुनं असलं तर 'इललीगलअ‍ॅक्सेसएरर' येतो, त्यात 'लॉम्बॉकप्रोसेसर' नाव दिसतं. २१वर जाल तेव्हा १.१८.३० लागेल.

उबंटूकर

लिनक्सवाले हा धागा वाचत असतील तर: 'अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग जावा' केलं म्हणजे काम झालं असं नाही. 'जावासी'साठी (जावाचा कंपायलर) तीच कमांड वेगळी द्यावी लागते, नाहीतर कंपाइल १७ने आणि रन ११ने. आणि जावा_होमला ती हातच लावत नाही. मेव्हन ऐकत नसेल तर होम फोल्डरमधली '.मेव्हनआरसी' फाइलही बघा, कोणीतरी तिथे जावा_होम लिहून विसरलेलं असतं. पॅकेज फक्त जेआरईचं टाकलं असेल तर 'नो कंपायलर इज प्रोव्हायडेड' येईल, उबंटूवर 'ओपनजेडीके-१७-जेडीके' हवं.

मॅकवर '/यूएसआर/लिबएक्सेक/जावा_होम -व्ही १७' फोल्डर काढून देतं (यातला 'व्ही' लहान; मोठा दिला तर सगळ्या आवृत्त्यांची यादी येते). लिनक्स आणि मॅक दोन्हीकडे एसडीकेमॅन (जावाच्या आवृत्त्या टाकून बदलून देणारं टूल) सोयीचं पडतं. प्रोजेक्टमध्ये 'एसडीके एन्व्ह इनिट' केलं की '.एसडीकेमॅनआरसी' बनते, ती गिटमध्ये टाका. पुढे फोल्डरमध्ये जाऊन 'एसडीके एन्व्ह' दिलं की बास.

बिल्डबिघाड

पेरेंट खरंच कंपनीचा आहे. प्लगइनला २.७.१८ दिलं, रिलीज ११ केलं, १७वर दोन्ही बिल्ड झाले. जुन्याचे टेस्ट आता १७वर चालतायत, सर्व्हरवर मात्र डॉकरमध्ये (अ‍ॅप कंटेनरमध्ये चालवणारं टूल) ११ आहे. याने काही बिघडेल?

पॉमपंडित

बिघडू शकतं. रिलीज फक्त कंपाइल सांभाळतं, टेस्ट १७च्या जेव्हीएमवर (जावा चालवणारं इंजिन) चालतात. म्हणजे ११वरच दिसणारा फरक तुमच्या मशीनवर कळणारच नाही. शुअरफायरच्या (मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन) कॉन्फिगरेशनमध्ये 'जेव्हीएम' म्हणून ११चं जावा एक्झिक्युटेबल देता येतं. पण प्रत्येकाच्या मशीनवरचा पाथ वेगळा, म्हणून ते पॉममध्ये ठोकू नका. सीआयवर (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) जुन्या प्रोजेक्टचा जॉब जेडीके ११च्या इमेजमध्ये चालवा, तेवढं पुरे. नव्याची डॉकरफाइलही एकदा तपासा. जुन्यावरून कॉपी केली असेल तर 'फ्रॉम'मध्ये ११ राहिलेलं असतं, आणि तोच ६१-५५चा एरर कंटेनर सुरू होताना परत येतो.