पोराचं नाव 'माणिक' ठेवलं तर कसं वाटते? खरं खरं सांगजा

कपाशीवाली (तिवसा तालुका)
नमस्कार सगळ्याइले. मले पोरगा झाला, पुढच्या आठवड्यात बारसं हाय अन नावावरून घरात दोन पार्ट्या पडल्या. मघा नक्षत्र निघालं, अक्षर 'मा' आलं. यायचं म्हणणं हाय का आजोबाचं नाव ठेवू, माणिक. आजेसासरे गुरुदेव सेवा मंडळाचे, गावच्या भजनात खंजिरी वाजवत, दरवर्षी तुकडोजी महाराजाच्या पुण्यतिथीले मोझरीले जात, चार अठ्ठावन्नच्या मौन श्रद्धांजलीले हजर म्हणजे हजर. त्यायची खंजिरी अजून ओसरीत खुंटीले हाय, कातडं ढिलं पडलं पण कोणी काढू देत नाई. मले पण हे नाव लय आवडते. पण माहेरचे म्हणते मानस ठेव नाईतर माहिर ठेव, बहीण त म्हणे माणिक म्हणजे रिटायर झालेला तलाठी वाटते.

अन खरी अडचण वेगळीच हाय. सासूबाईनं सासऱ्याचं नाव आजवर तोंडातून काढलं नाई, अंगठीतल्या माणकाले बी त्या 'लाल खडा' म्हणतात. मंग नातवाले हाक कशी मारतीन? त्या काही बोलत नाई पण मले समजते. कोणाच्या घरी असं झालं असन त सांगा, काय केलं तुम्ही?

सोयाबीनपट्टा (वाशीम)
वहिनी ठेवाच. आमच्या घरी भावाले आज्याचंच नाव हाय, आईनं पहिल्या दिवसापासून त्याले 'आबा' म्हटलं, मंग सारं गाव आबा म्हणाले लागलं, आता त्याले पोरं झाली तरी आबाच. शाळेत खरं नाव, घरी आबा. आईचाही मान राहिला अन आज्याचं नावही. आमच्याइकडे लय घरात असंच चालते, त्याच्यात काही वेगळं नाई.

दर्यापूरचे गुरुजी
मी जिल्हा परिषद शाळेत आहे. पहिलीची हजेरी घेताना रियांश, विआंश, अयांश, दिव्यांश असं म्हणत गेलो की एका नावाला दोघं उभे राहतात, त्या पोरांची काही चूक नाही पण मला स्वतःला नाव लक्षात ठेवायला महिना जातो. माणिक म्हटलं की एकच पोरगा मान वर करेल. आणि जुनं म्हणून हिणवायचं असेल तर जरा बघा कोणाकोणाचं नाव हे. तुकडोजी महाराजांचं पाळण्यातलं नाव माणिकच होतं, 1909 साली यावलीला जन्म, माणिक बंडोजी इंगळे. पुढे आडकोजी महाराजांनी तुकड्या म्हटलं म्हणून तुकडोजी झाले. तुमचे आजेसासरे ज्यांच्या पुण्यतिथीला मोझरीला जात त्यांचंच हे नाव, याहून मोठं कारण काय पाहिजे? कवी ग्रेस पण माणिकच, माणिक गोडघाटे, 1937 ला नागपूरचा जन्म. एक खंजिरीवर अख्खा गाव डोलवणारे, दुसरे एकेका ओळीवर माणसाला रात्रभर जागवणारे, आणि दोघंही आपल्या विदर्भाचे. माझं मत विचाराल तर डोळे मिटून ठेवा.

अकोल्याची मावशी
मी थोडी वेगळी बोलते, राग मानू नको बाई. माणिक हे बायकांचं पण नाव हाय, गायिका माणिक वर्मा आठवतात ना? बाहेरगावी कॉलेजले गेला का फॉर्मवर कुमारी लिहून येईन, पोराले ते खुपते. अन शाळेत पोट्टे माणक्या म्हणतीन हे त पक्कं समज. आजोबाचा मान ठेवाचाच असन त मधलं काही नाव काढा, माणिकराव म्हणून नोंद करा, राव लावलं का कोणी पोरगी समजत नाई.

सोयाबीनपट्टा (वाशीम)
मावशी, माणक्या म्हणतीनच, पण मानसचं मानश्या अन रियांशचं रियांश्या बी होते, आपल्याइकडे 'या' लागल्याशिवाय कोणाचं नाव पुरं होत नाई. अन राव नका लावू जी, दोन वर्साच्या लेकराले राव जड पडते, मोठा झाला का लोकंच लावतीन.

पंचायतीतला
मताचं मी नाही सांगत, कागदाचं सांगतो कारण लोक इथंच घाई करतात अन मग चकरा मारतात. जन्माची नोंद 21 दिवसांत करून टाका, नाव ठरलं नसेल तरी नोंद होते. नाव 12 महिन्यांपर्यंत फी न देता टाकता येते, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे भांडणापायी बारसं उरकायची घाई नको. पण एकदा टाकलं का ते पक्कं समजा, 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या लेकरांचं शाळा, लायसन्स, पासपोर्ट सगळं याच दाखल्यावर चालते. अन 1 मे 2024 नंतर जन्म असेल तर सरकारी कागदावर पोराचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असा क्रम हाय, म्हणजे ताई माणिकच्या लगेच पुढं तुमचं नाव येणार. इंग्रजी स्पेलिंग पाचच अक्षरं, आधारवाला चुकवू शकत नाही, बाकी नावाइत कुठं एक ए कुठं दोन ए, त्याच्यावरच निम्मे दुरुस्ती अर्ज येतात.

कपाशीवाली (तिवसा तालुका)
सगळ्याइचे आभार. रात्री सासूबाईले सगळं वाचून दाखवलं. आबावाली गोष्ट त्यायले पटली, म्हणे मी बाप्पू म्हणीन, तुम्ही तुमचं म्हणा, पण नाव तेच ठेवा, घरात ते नाव पुन्हा ऐकू आलं पाहिजे. मंग मी बहिणीले फोन करून सांगून टाकलं, ती रुसली, येईन ठिकाणावर. नणंद शनिवारी येते, कानात कुर्र तीच करन. मावशी तुमचं कुमारीवालं बी डोक्यात हाय पण आता माणिकच.

पंचायतवाले दादा, डिलिव्हरी अमरावतीले झाली, त नाव गावात टाकाचं का तिकडं?

पंचायतीतला
तिकडं, महानगरपालिकेत. जन्म जिथं झाला नोंद तिथंच. दवाखान्याची डिस्चार्ज स्लिप अन दोघांचे आधार घेऊन जाजा, अन प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर तुमचं स्वतःचं नाव बी तपासून घ्या.