दगडावर ‘समाधी’ कोरू का ‘स्मृतिस्थळ’?

छिन्नीवाला, मिरज

नमस्कार मंडळी. मिरजेत माझं दगडाचं दुकान आहे. घरचाच धंदा. आजोबा पाटे-वरवंटे, जाती, देवळाच्या पायऱ्या करायचे. आता घरोघरी मिक्सर आले, तेव्हा आमचं पोट बंगल्यांच्या पाट्यांवर आणि गेलेल्या माणसांवर चालतं. खोटं कशाला बोलू.

कधी मुसलमानाच्या कबरीचा दगड येतो, कधी ख्रिश्चन लोकांचा क्रूस, कधी लिंगायतांच्या रुद्रभूमीतलं काम, मध्येच कुणा महाराजांच्या पादुका. या सगळ्यांचा मजकूर ठरलेला असतो. काय लिहायचं यावरून भांडण लागलेलं आजवर बघितलं नव्हतं.

ते परवा बघितलं. पलूसच्या बाजूचा, नदीकाठचा एक शेतकरी आहे. त्याचे वडील माघात गेले. घाटावर अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी सावडलं, अस्थी नदीत सोडल्या. राख मात्र नदीत न टाकता मळ्यात खड्डा काढून त्यात घातली आणि वर आंब्याचं रोप लावलं. आमच्याकडं आता बरेच जण असं करतात. तर त्या रोपाशेजारी त्याला चौथरा आणि त्यावर तीन बाय दोनचा काळा ग्रॅनाइट पाहिजे. मजकूर सांगितला, ‘कै. अमुक अमुक यांची समाधी’.

माप घ्यायला मळ्यात गेलो तर त्याची आत्या काठी टेकत आली. “जाळल्याल्या माणसाची समाधी असती व्हय रं? समाधी महाराज लोकांची. माझा भाऊ काय आळंदीला बसला हुता का? उसाला पाणी पाजत गेला त्यो!” पोरगा म्हणाला, मग काय लिहू? म्हातारी म्हणाली, “कायबी नको. आंबा हाय की.” मग पोरगा माझ्याकडं बघायला लागला, जसं काय मीच भटजी.

‘समाधी’त जोडाक्षर नाही, ‘स्मृतिस्थळ’मध्ये दोन आहेत आणि हातानं कोरताना जोडाक्षर जीव खातं. पण अडलंय ते त्यावर नाही. ग्रॅनाइटवर एकदा टाकी पडली की खोडरबर चालत नाही. आणि खरं सांगायचं तर तीस वर्षं हे काम करतोय, पण म्हातारीनं विचारल्यावर कळलं की मलाच माहीत नाही. आपण जाळतो, राख वाहून जाते, मग वर दगड कशाचा? खाली असतं काय? दुसऱ्या मुलखात, जुन्या काळात लोक काय करायचे? जाणकारांनी सांगावं. रायगडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या समाधीचा वाद तेवढा इथं आणू नका, हात जोडतो.

माहुलीचा मास्तर

आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा. अर्धं बरोबर आहे त्यांचं.

संन्याशाला अग्नी देत नाहीत, कारण संन्यास घेतानाच त्यानं अग्नी सोडलेला असतो. म्हणून त्याला भूमीत बसवतात, नाहीतर जलसमाधी देतात. ज्ञानोबांची १२९६ ची संजीवन समाधी ही तर त्याही पलीकडची गोष्ट. शब्द तिथून आला. पण तो तिथंच थांबला नाही. सज्जनगडावर जा. समर्थ १६८२ साली गेले, त्यांना गडावरच अग्नी दिला आणि त्याच जागी समाधी झाली. वर रामाचं देऊळ, खाली तळघरात समाधी. रायगडावर शिवाजी महाराजांचं दहनच झालं होतं. कऱ्हाडला प्रीतिसंगमावर यशवंतरावांची ती समाधीच. तिथं कोणी ‘स्मृतिस्थळ’ म्हणतं का? रिक्षावाल्याला सांगून बघा, तो तुम्हाला बागेत नेऊन सोडेल.

आता माझ्या गावाचं सांगतो. मी संगम माहुलीचा. इथं कृष्णेला वेण्णा मिळते आणि सातारच्या राजघराण्यातल्या माणसांचे अंत्यविधी पिढ्यान्‌पिढ्या इथंच झाले. थोरले शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले, त्यांना इथं अग्नी दिला, सकवारबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. घाटावर, पात्रात, जिथं बघाल तिथं चौथरे. पावसाळ्यात बरेचसे पाण्याखाली जातात, वैशाखात परत उघडे पडतात. लहानपणी आम्ही त्यावरून नदीत सूर मारायचो. आजी काठावरून ओरडायची, “राजाच्या डोक्यावर नाचू नका रे!” आम्हाला वाटायचं, खाली खरंच राजा आहे. खाली काय असणार? राख तर पहिल्याच पुरात कऱ्हाड ओलांडून तुमच्या सांगलीकडं गेली असेल.

आणि कुत्र्याचं म्हणाल तर वाघ्याला हात लावत नाही, पण आमचा खंड्या सोडवत नाही. शाहू महाराजांचा कुत्रा. वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. त्याचीही समाधी माहुलीत आहे. तेव्हा आत्याबाईंना म्हणावं, कुत्र्याला चालतो तो शब्द तुमच्या भावाला का चालू नये? (हे जरा बेतानं सांगा. काठी हातात असते त्यांच्या.)

जतचा अण्णा

छिन्नीवाले, तुम्ही आमचे दगड करता म्हणजे हे तुम्हाला ठाऊकच असणार, बाकीच्यांसाठी लिहितो. आम्ही लिंगायत जाळत नाही. माणसाला मांडी घालून बसवतात, हातात त्याचं इष्टलिंग देतात, विभूती आणि बेल घालतात. गेला, वारला असं म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. साधा दुकानदार असो की मठाचा स्वामी, बसवायची रीत एकच. माझे वडील आयुष्यभर वखारीत उभे राहिले, बसले ते तेव्हाच.

म्हणून ‘समाधी महाराज लोकांची’ हे आमच्यात कोणी म्हणणार नाही. तुमच्यात म्हणत असतील.

छिन्नीवाला, मिरज

अण्णा, बरोबर. ‘लिंगैक्य’मधला ‘क्य’ कोरून कोरून बोटं दुखलीत माझी.

मास्तर, खंड्याचं म्हातारीला सांगायची माझी छाती नाही. पण ‘खाली काय असणार’ हे तुम्ही लिहिलंत ना, तेच डोक्यात फिरतंय. मिरजेच्या दर्ग्यात गवई अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. १९३७ साली ते तिकडं मद्रासकडं एका स्टेशनावर गेले, तर तिथनं त्यांना इथं आणलं. इतक्या लांबून आणायचं, कारण माणूस खाली पाहिजे. आणि आपण मात्र हातानं वाहवून देतो आणि वर चौथरा बांधतो.

खापरी

मूळची कऱ्हाडची, आता पुण्यात. पुरातत्त्व शिकले आहे, त्यामुळे हा धागा सोडवेना.

काका, ‘खाली माणूस पाहिजेच’ असं सगळीकडं नाही. ग्रीकांच्यात रिकाम्या थडग्याला वेगळा शब्दच आहे, केनोटाफ. केनोस म्हणजे रिकामं, टाफोस म्हणजे थडगं. समुद्रात बुडालेल्या खलाशाचा देह कुठून आणणार? पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी लंडनमध्ये १९२० साली मोठा दगडी केनोटाफ उभा केला, त्यात कोणीही नाही. आपल्याकडची वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड, तीच की. मारुतीच्या देवळाशेजारी शेंदूर फासून उभी असते, तिच्या खाली कोणी नसतं. खालच्या चौकटीत लढाई, बऱ्याचदा गाई पळवताना झालेली, मधे अप्सरा त्याला वर नेतायत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. तिच्यावर नावसुद्धा क्वचितच असतं.

आणि जाळून राखेवर बांधकाम करायचं हे तर आपल्या भूमीत फार जुनं. बुद्धांचं दहन कुशीनगरला झालं, अवशेषांचे आठ वाटे झाले आणि त्यांवर स्तूप उभे राहिले. आमच्या कऱ्हाडच्या आगाशिवच्या लेण्यांत जो स्तूप आहे तो अखंड कातळात कोरलेला. राखेवर बांधलेला नाही, तरी मान तोच.

याच्या अगदी उलट बघायचं असेल तर इनामगाव. शिरूर तालुक्यात, घोड नदीवर. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. साधारण तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. ही माणसं आपल्या माणसाला गावाबाहेर नेतच नव्हती, राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. तान्हं मूल गेलं तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे आणि मधे ते मूल. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले सापडले. उठून परत येऊ नये म्हणून असावं असा अंदाज. एकच गडी वेगळा. चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला आणि पाय शाबूत. अण्णांचं वाचताना मला तोच आठवला. संबंध लावत नाही हं, नुसता आठवला.

विजापूर लाइन

विजापूरच्या गोल घुमटात सगळेच जातात, टाळी वाजवतात, प्रतिध्वनी मोजतात आणि घरी येतात. मधल्या चौथऱ्यावर लाकडी छत्रीखाली ज्या कबरी दिसतात त्या खऱ्या नाहीत हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. मुहम्मद आदिलशहा (मृत्यू १६५६) खाली तळघरात आहे, पश्चिम दरवाजाच्या खालून तिथं जिना उतरतो. ताजमहालातही तसंच, वर नक्षी आणि खाली माणूस. म्हणजे ज्यांच्यात पुरतात तेसुद्धा वरचा दगड माणसाच्या अंगावर नाही, बघणाऱ्याच्या डोळ्यापुढं ठेवतात.

त्याच गावात बारा कमान बघा. आदिलशहाच्या पोराची, दुसऱ्या अलीची. बापापेक्षा मोठं करायला गेला, राहिलं अर्धवट. नुसत्या कमानी, वर आभाळ. खरं सांगू? मला घुमटापेक्षा तेच आवडतं.

छिन्नीवाला, मिरज

गेल्या साली गेलो होतो की हो मी! चांगल्या चार टाळ्या वाजवून आलो. खालचं कोणी बोललंच नाही.

पाया किती

सगळे वर काय लिहायचं यावर बोलताय. मी बांधकामातला माणूस, मी खालचं विचारतो. नदीकाठची काळी जमीन आहे ना? उन्हाळ्यात भेगा पडणार, पावसात फुगणार. फूटभर खणून चौथरा ठेवलात तर दुसऱ्या वर्षी तिरका आणि तिसऱ्या वर्षी तडा. मुरूम लागेपर्यंत खाली जा. २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, तेव्हा तो मळा कुठं होता ते आधी विचारा. आणि आंबा इतका जवळ नको. दहा वर्षांनी मुळ्याच दगड उचलतील.

खणताना जपून. चीनमध्ये १९७४ साली शेतकऱ्यांनी विहीर काढायला घेतली आणि मातीचं अख्खं सैन्य निघालं. ज्या राजासाठी ते केलं, त्याच्या थडग्याची टेकडी तर अजून उघडलेलीच नाही.

खापरी

काका, अजून एक सांगते आणि थांबते. मास्तरांच्या खंड्यावरून आठवलं.

इजिप्तमध्ये गिझाला पिरॅमिडांजवळच्या थडग्यांत १९३५ साली एक कोरलेला दगड सापडला. त्यावर एका कुत्र्याबद्दल लिहिलंय. तो राजाचा राखणदार होता, राजाच्या हुकमानं त्याला पेटी दिली, उत्तम कापड दिलं, धूप दिला आणि गवंड्यांकडून थडगं बांधून घेतलं. चार हजारांहून जास्त वर्षं झाली. गंमत म्हणजे कुत्र्याचं नाव दगडावर आहे, अबुतिउ असं काहीसं वाचतात, पण राजाचं नाव नाही, नुसतं ‘महाराज’. आणि थडगंही मिळालं नाही. नंतर कुणीतरी तो दगड उचलून दुसऱ्याच माणसाच्या थडग्याच्या बांधकामात लावला होता. खालचं सगळं गेलं, उरलं ते नाव.

तेव्हा ‘समाधी’ का ‘स्मृतिस्थळ’ यापेक्षा नाव खोल कोरा, असं मला वाटतं.

माहुलीचा मास्तर

ताई, छान. मी माझं मत मागे घेतो. शब्दच नको.

छिन्नीवाला, मिरज

झालं काम, म्हणून कळवतो. दुसऱ्याचा दगड काढून आपल्या भिंतीत लावणारे चार हजार वर्षांपूर्वीपण होते हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडं जुन्या देवळाच्या पायऱ्या गोठ्यात निघतात.

पोराला हा सगळा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. तो म्हणाला, मग नुसतं नाव आणि जन्म-मृत्यूचं साल टाका. ‘कै.’ पण काढलं. आत्याला विचारलं तर म्हणाली, “नाव कुठलं घालतोस?” पोरानं सातबाऱ्यावरचं पूर्ण नाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, “ह्या नावानं त्याला कोन वळखत हुतं? तलाठी?” मग पूर्ण नाव बारीक घेतलं आणि त्याच्या वर मोठ्या अक्षरात ‘बापू’. हातानं कोरलं, मशीनवर नाही.

बसवायच्या दिवशी म्हातारीनं अक्षरात बोट घालून बघितलं. वाचता येत नाही तिला. “ह्ये बा, ह्ये पू?” म्हणाली. मी हो म्हणालो. मग म्हणाली, माझ्याबी नावाला जागा ठेवायची हुतीस. दगडात खाली चांगला वीतभर पट्टा मोकळा आहे, तो मी तसाच सोडला होता, पण तेव्हा काही बोललो नाही.

पाया साडेतीन फुटांवर गेला तेव्हा मुरूम लागला. आंब्यापासून पंधरा फूट सोडलेत.