बायकोची एचबीएवनसी ६.७, पण उपाशीपोटी साखर ९७. डायबेटिस धरायचा का?

बागाईतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात गावात शुगरचं शिबिर होतं, बायको (वय ३९) सहज म्हणून गेली. चहा-बिस्किट खाऊन गेली होती. बोटातून रक्त घेतलं, मशीनवर १५२. मग शिरेतून रक्त घेऊन एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) केली, ती ६.७ आली. लगेच "डायबेटिस आहे" म्हणून गोळ्यांची चिठ्ठी हातात. मला पटेना, म्हणून तासगावात लॅबला नेलं. उपाशीपोटी ९७, जेवणानंतर दोन तासांनी १३४. त्याच रिपोर्टात हिमोग्लोबिन ८.४ आहे. पाळीला तिला फार जातं, ते जुनंच दुखणं.
गोळी सुरू केलेली नाही. पण तिनं भीतीनं भात-भाकरी सोडली, काकडी-टोमॅटोवर राहते आणि बागेत काम करताना चक्कर येते म्हणते. खरा रिपोर्ट कुठला धरायचा?

मिरजवाले_काका
६.५ च्या वर म्हणजे डायबेटिस, त्यात वाद नाही. ती तीन महिन्यांची सरासरी असते. उपाशीपोटीचं काय, आदल्या दिवशी कमी खाल्लं की रिपोर्ट छान येतो. वेळ घालवू नका.

लॅबताई_सांगली
दादा, मी सांगलीत लॅब टेक्निशियन आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण तपासणीतलं मला रोजचं आहे म्हणून सविस्तर लिहिते.

काकांचं म्हणणं पुष्कळांना लागू पडतं. वहिनींना ते तसंच लावता येणार नाही, कारण हिमोग्लोबिन ८.४, म्हणजे फार कमी, आणि पाळीला फार जातं म्हणजे लोहही कमी असू शकतं. एचबीएवनसी साखर थेट मोजतच नाही, हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तिला तीन महिन्यांचा हिशोब म्हणतात. लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्याच जास्त राहतात, आणि साखर वाढलेली नसतानाही आकडा वर जातो. उलटही होतं: पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतं रक्त चढवलं असेल तर आकडा फसवा कमी येतो. सिकलसेल, थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या जन्मजात आजारांतही गडबड होते. आमच्या मशीनवर या तपासणीचा आलेख निघतो. त्यात नेहमीच्या जागी नसलेला उंचवटा दिसला की मी रिपोर्ट सोडत नाही, आधी डॉक्टरांना फोन करते.

दुसरं, त्रास काही नसताना एका आकड्यावर डायबेटिसचा शिक्का मारत नाहीत. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, यातल्या दोन गोष्टी जुळाव्या लागतात, नाहीतर तीच तपासणी पुन्हा करून तसाच आकडा यावा लागतो. खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं अशी लक्षणं असतील तर मात्र कुठल्याही वेळची २०० पुरते. चहा-बिस्किटानंतर बोटातली १५२ निदानाला कामाची नाही. ते मशीन डायबेटिस असणाऱ्यांनी घरी लक्ष ठेवायला आहे.

एक विचारते. ९७ चं रक्त लॅबमध्येच काढलं ना? काढलेल्या रक्तातल्या पेशी नळीतही साखर खात राहतात, तासाला ५ ते ७ टक्के. गावात सकाळी घेतलेलं साध्या नळीतलं रक्त दुपारी लॅबला पोचलं तर खरी ११५ सुद्धा शंभराच्या आत दिसेल. राखाडी टोपणाची फ्लोराइडची नळी त्यासाठीच असते, तरी रक्त लवकर पोचलेलं बरं.

डॉक्टरांना विचारून ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करून घ्या. तिला हिमोग्लोबिनशी देणंघेणं नाही. जेवणानंतरच्या १३४ वर निकाल लावता येत नाही, कारण कोण अर्धी भाकरी खातं, कोण ताटभर. पण काकडी आधी थांबवा! तपासणीच्या आधी तीन दिवस रोजचं जेवण, भात-भाकरीसकट, पोटात जायला हवं. उपासमारीनंतर ग्लुकोज प्यायलं तर चांगल्या माणसाचीही साखर जास्त येते. रात्री जेवून आठ-दहा तास उपाशी, सकाळी पहिलं रक्त, मग पाच मिनिटांत ग्लुकोजचं पाणी संपवायचं आणि दोन तास बसून राहायचं. बाजारहाट उरकून येते म्हणायचं नाही. दोन तासांनी १४० च्या आत म्हणजे ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर.

बागाईतदार_तासगाव
रक्त लॅबमध्येच काढलं होतं, ताई. ती वाचूनच उठली आणि भाकरी खाल्ली. सोमवारी जातो.

कराडची_सासू
ताई, सुनेला पाचवा महिना आहे. सरकारी दवाखान्यात जेवून गेलेली असताना ग्लुकोज पाजलं. हे चुकलं का?

लॅबताई_सांगली
नाही काकू, गरोदरपणात आपल्याकडे तशीच पद्धत आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज, पोट भरलेलं असो की रिकामं, आणि दोन तासांनी १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला डायबेटिस धरतात. वर लिहिलेली २०० ची मर्यादा तिला लावू नका.

बागाईतदार_तासगाव
रिपोर्ट आला. उपाशीपोटी ९४, दोन तासांनी १२६. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) फारच कमी निघालं. डॉक्टरांनी शुगरची गोळी नको म्हटलं, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं.

लॅबताई_सांगली
फार बरं वाटलं. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर देऊ नका. एचबीएवनसी पुन्हा करायची घाई नको, हिमोग्लोबिन भरून आल्यावर तीन महिने जाऊ देत. तोवर कुणी साखर बघायची म्हणालं तर उपाशीपोटीची बघा.