एमजीबी: हीटर गार वाराच फेकतोय

प्रश्न (धुळे): १९७२ ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार). पहाटे तोरणमाळला जायचंय. ब्लोअर फिरतो, हवा गारच. हीटरचा डबा उतरवू का?

उत्तर १: इतक्यात नको भाऊ, तो काढताना जीव जातो. इंजिन तापलं की इंजिनच्या हेडवरचा हीटर व्हॉल्व्ह (गरम पाणी हीटरकडे सोडणारी झडप) उघडा ठेवून त्याच्या पुढचा होज (रबरी पाइप) चाचपा. गार लागला तर व्हॉल्व्ह जाम किंवा केबल सैल.

उत्तर २: तो होज गरम आणि परतीचा पाइप गार असेल, तर मॅट्रिक्स (हीटरमधला छोटा रेडिएटर) गाळाने चोंदलंय किंवा आत हवा अडकलीय. इंजिन थंड झाल्यावर दोन्ही होज काढा, परतीच्या बाजूने उलटं पाणी सोडा, तांबूस गाळ थांबेपर्यंत. दाब मात्र कमीच, जुने सांधे फुटतात. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) जागेवर आहे ना? तो नसेल तर पाणी पुरेसं तापत नाही. खान्देशातलं ऊन बघून मेकॅनिक तो काढूनच टाकतात! ८२ अंशांचा बसवा.